टोकायी ऑसू: पाच पुत्तोन्योशची बाटली घ्यावी की सहाची?

हंगेरीच्या टोकायी ऑसू या गोड वाइनची बाटली अर्ध्या लिटरची असते, आणि तिच्या किमतीत साध्या वाइनच्या तीन-चार बाटल्या सहज येतात. तरीही ही बाटली पैसे वसूल करून देते, असं आमचं ठाम मत आहे. फक्त घेताना लेबलवरचा आकडा (पुत्तोन्योश, म्हणजे गोडीचा दर्जा), साल (द्राक्षं तोडल्याचं वर्ष) आणि नेमका प्रकार या तीन गोष्टी कळायला हव्यात. नाहीतर टोकायच्या नावाखाली भलतंच काहीतरी हातात पडतं. पहिल्यांदाच घेणार असाल तर पाच पुत्तोन्योशची घ्या. सहाची का नको, हे समजायला ही वाइन तयार कशी होते ते आधी पाहावं लागेल.

वाइन गोड करायच्या मुख्य वाटा तीन. पहिली म्हणजे रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचं कडक स्पिरिट ओतायचं. यीस्ट मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. पोर्तुगालची पोर्ट अशी होते, आणि दक्षिण फ्रान्समधल्या मस्कत द्राक्षांच्या ज्या वाइनच्या लेबलवर ‘व्हँ दू नात्युरेल’ लिहिलेलं असतं त्याही अशाच होतात. नावात ‘नैसर्गिक’ असलं तरी बाटलीत स्पिरिट असतंच, आणि लेबलवरचा १५ टक्क्यांच्या पुढचा अल्कोहोलचा आकडा ते सांगतो. दुसरी वाट म्हणजे कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या, वाइनमध्ये नंतर गोड रस मिसळणं. ती स्वस्त बाटल्यांची. तिसऱ्या वाटेत द्राक्षातच इतकी साखर साठलेली असते की यीस्टला ती संपवताच येत नाही. ऑसू या तिसऱ्या वाटेची आहे. तिच्यात स्पिरिट पडत नाही आणि साखरही पडत नाही.

आकड्यांत सांगायचं तर लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे १३ टक्क्यांच्या साध्या कोरड्या वाइनच्या रसात सुरुवातीला लिटरमागे सुमारे २२० ग्रॅम साखर असते. ऑसूच्या एखाद्या बाटलीवर अल्कोहोल १०.५ टक्के असेल आणि वाइनमध्ये १५० ग्रॅम साखर उरलेली असेल, तर मूळ रसात सव्वातीनशे ग्रॅमच्या वर साखर होती असा हिशेब निघतो. ताज्या, टपोऱ्या द्राक्षात एवढी साखर कुठल्याही देशात सापडणार नाही. ती मिळवायला मण्यातलं पाणीच काढून टाकावं लागतं.

टोकायमध्ये हे काम बोट्रायटिस नावाची बुरशी करते. हा प्रदेश हंगेरीच्या ईशान्येला, झेम्प्लेन टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. टोकाय गावाजवळ बोद्रोग नदी तिस्साला मिळते. शरद ऋतूत पहाटे नद्यांवरून धुकं चढतं, दुपारी ऊन आणि वारा येऊन घड वाळवून टाकतात. बुरशीला रुजायला ओल लागते आणि आवरायला कोरडी हवा. रोजची ही अदलाबदल जमली, तर बुरशीचे तंतू मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रं पाडतात, तिथून पाणी उडून जातं आणि मणी तपकिरी-जांभळा होऊन सुरकुततो. बुरशी स्वतः बरीच साखर खाते, आम्लही खाते, पण पाणी त्याहून झपाट्याने कमी होतं, म्हणून जे उरतं ते दाट होत जातं. शिवाय ती ग्लिसरॉल तयार करते, त्याने तोंडात एक तुळतुळीतपणा येतो. मध, केशर, वाळवलेलं जर्दाळू असा जो वास ऑसूला असतो, त्यातला बराचसा या बुरशीची देणगी आहे.

नाशिककडच्या बागायतदाराला हे वाचून धडकी भरेल, कारण त्याच्यासाठी मण्यावरची बुरशी म्हणजे नुकसान. त्याची धास्ती टोकायमध्येही खरीच आहे. ऑक्टोबरात पाऊस लागून राहिला आणि दुपारचं ऊन फिरकलं नाही, की हीच बुरशी साल फाडते, मणी पाणचट होऊन सडतो, मागून हिरवी बुरशी आणि ॲसिटिक बॅक्टेरिया येतात. अशा मण्यांची वाइन कडू लागते आणि तिला नेलपॉलिशसारखा वास येतो. २०१४ साल तिथे असंच ओलंचिंब गेलं. उलट २०१३ आणि २०१७ ही उत्तम वर्षं. दुकानात सालांची निवड करायची संधी मिळाली, तर हे दोन आकडे ध्यानात असू द्या.

सगळे मणी एकाच वेळी सुरकुतत नाहीत. एकाच घडावर काही टवटवीत असतात, काही अर्धवट, काही पूर्ण वाळलेले. म्हणून वेचणारे त्याच वेलीकडे पुन्हा पुन्हा जातात आणि पूर्ण तयार झालेले मणी एकेक करून खुडतात. चांगल्या हाताने दिवसभर वेचलं तरी दहाएक किलोच भरतात. बाटलीच्या किमतीतला मोठा वाटा या मजुरीचा आहे. यंत्राने घड तोडून ऑसू करता येत नाही.

वेचलेले मणी टाकीत साठवतात. त्यांच्या स्वतःच्या वजनानेच तळाशी जो रस थेंब थेंब गळतो, तो वेगळा काढतात. त्याची एसेन्सिया होते. तिच्यात लिटरमागे किमान ४५० ग्रॅम साखर असावी लागते. इतक्या साखरेत यीस्टचा जीव गुदमरतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षं आंबत राहते आणि तरी अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या आतच राहतं. ती चमच्याने घ्यायची चीज आहे. आयुष्यात एकदा चाखावी, पण तिच्या किमतीत ऑसूच्या कितीतरी बाटल्या येतात, तेव्हा खरेदीच्या यादीत आम्ही तिला धरत नाही.

उरलेले मणी खरं तर वाळलेलेच असतात, दाबून त्यांतून फारसं काही निघत नाही. म्हणून ते ताज्या रसात, आंबत असलेल्या रसात किंवा तयार नव्या वाइनमध्ये भिजत घालतात, बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत. कशात भिजवायचं, हा करणाऱ्याचा सर्वांत मोठा निर्णय. तयार वाइनमधलं अल्कोहोल सालीतून चव आणि वास जोरात ओढतं, पण कडवटपणाही ओढतं. ताज्या रसात काम हळुवार होतं, वाइन नाजूक होते. आंबता रस हा मधला मार्ग, आणि आज अनेकांना तोच पसंत आहे. भिजवताना मणी हलक्या हाताने ढवळायचे असतात. चिरडले, तर बुरशीने तयार केलेलं ग्लुकान नावाचं चिकट द्रव्य रसात उतरतं आणि पुढे गाळणीच चोंदते.

मग प्रेसमधून काढलेला रस ओकच्या लाकडी पिंपात जातो. आंबवण्याची गती मंद असते, कारण साखर जास्त आणि यीस्टला लागणारा नायट्रोजन बुरशीने आधीच फस्त केलेला. अडचण दुहेरी आहे. आंबणं लवकर थांबलं, तर वाइन सरबतासारखी जड राहते. आणि पुरतं थांबलं नाही, तर बाटलीत पुन्हा सुरू होतं. म्हणून थंड करणं, सल्फर (सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं रसायन) देणं आणि बारीक गाळणं या तिन्ही गोष्टी कराव्या लागतात. बुरशी लागलेल्या रसात सल्फर इतर घटकांना चिकटून निकामी होतं, त्यामुळे अशा वाइनला ते साध्या वाइनपेक्षा जास्त लागतं. सल्फाइटचा त्रास होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

नियमाप्रमाणे ऑसू किमान १८ महिने ओकमध्ये राहते. टोकायची तळघरं डोंगराच्या पोटात कोरलेली, अरुंद आणि दमट असतात. भिंतींवर काळ्या बुरशीचा मऊ गालिचा असतो. ही बुरशी वेगळी, ती पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर जगते आणि वाइनला काही करत नाही.

आता पुत्तोन्योश. पुत्तोन्य म्हणजे पाठीवर घ्यायची लाकडी करंडी, तिच्यात २५ किलोच्या आसपास वाळके मणी मावत. टोकायचं जुनं पिंप १३६ लिटरचं. त्या पिंपाला अशा किती करंड्या घातल्या, तो वाइनचा आकडा. पाच करंड्या म्हणजे सव्वाशे किलो मणी, म्हणजे जवळजवळ लिटरला किलो. हिशेब बिनतोड नव्हता, कारण करंडी किती भरली आणि मणी किती वाळले यावर सगळं अवलंबून होतं. म्हणून पुढे आकडा उरलेल्या साखरेशी बांधला गेला. तीनला लिटरमागे ६० ग्रॅम, चारला ९०, पाचला १२०, सहाला १५०. २०१३ च्या नव्या नियमांनी खालचे दोन दर्जे काढून टाकले. आता ऑसू म्हणायचं तर किमान १२० ग्रॅम साखर हवीच, आणि लेबलवर पाच किंवा सहा लिहिता येतं. त्यामुळे तीन वा चार पुत्तोन्योशची हंगेरियन बाटली दिसली, तर ती जुन्या सालाची आहे. कशी साठवली होती हे दुकानदार सांगू शकत नसेल, तर ती घेऊ नका.

बाटलीतल्या कोलामध्येही लिटरमागे शंभरेक ग्रॅम साखर असते. मग ऑसू पाकासारखी का लागत नाही? आम्लामुळे. टोकायचं मुख्य द्राक्ष फुर्मिन्त. ते उशिरा पिकतं, त्याची साल पातळ आणि आम्ल जबर. सोबत हार्शलेवेलू असतं, ते सुवास देतं. थोडं पिवळं मस्कत असतं. आणखी तीन जातींना परवानगी आहे, झेता, कोवेरसोलो आणि काबर, पण त्यांचा वाटा लहान. फुर्मिन्तच्या आम्लाने घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. ऑसू पारखताना हाच आमचा निकष आहे. गोडी किती, हे लेबल सांगतं. ती गोडी पेलणारं आम्ल आहे की नाही, हे जिभेलाच विचारावं लागतं.

पाच विरुद्ध सहाचा निकाल इथे लागतो. सहाच्या बाटलीत साखर वाढते तसं आम्लही दाट होतं, आणि चांगल्या सालात, चांगल्या हातात ती थक्क करते. पण ती दहा-पंधरा वर्षं ठेवून प्यायची वाइन आहे. ताजी उघडली, तर मध आणि ओक पुढे येतात, बाकीचं दबून राहतं. पाचची बाटली सालानंतर चार-पाच वर्षांतच बोलू लागते, जेवणाबरोबर चालते आणि किमतीतही बरीच खाली असते.

आता बाटल्यांकडे. रॉयल टोकायी ही माद गावातली कंपनी, १९९० मध्ये इंग्लिश वाइन-लेखक ह्यू जॉन्सन आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केलेली. तिची निळ्या लेबलची पाच पुत्तोन्योश अनेक देशांत मिळते आणि ऑसूची ओळख करून घ्यायला हीच घ्यावी. रंग गडद सोनेरी. नाकाला आधी संत्र्याची वाळलेली साल येते, मागून जर्दाळू आणि किंचित आलं. घोट जाडसर, शेवट लांब. ओक जाणवतो, काहींना तो जरा जास्त वाटेल. दिस्नोको ही फ्रेंच विमा कंपनी आक्साच्या मालकीची बाग, १९९२ पासूनची. तिची पाच पुत्तोन्योश जास्त काटक आहे, लिंबाच्या सालीकडे झुकणारी, आम्ल धारदार. आमची पहिली पसंती हिला. ओरेमुश स्पेनच्या वेगा सिसिलिया या वाइन कंपनीची. ती सर्वांत नीटस आणि सर्वांत कमी भडक, पण तिच्या नाजूकपणाची किंमत मोजावी लागते, आणि पहिल्याच बाटलीत तो कळेलच असं नाही.

१९९० आधीच्या, कम्युनिस्ट राजवटीच्या सरकारी काळातल्या बाटल्या हा वेगळा विषय आहे. तेव्हा पिंपं अर्धवट भरलेली राहत, वाइनला हवा लागे आणि तिचा रंग चहासारखा होई, वास अक्रोड आणि शेरी या स्पॅनिश वाइनचा. काही जुन्या शौकिनांना तीच खरी ऑसू वाटते. आम्हाला नाही वाटत. बुरशीने महत्प्रयासाने दिलेला फळाचा वास हवेला देऊन टाकणं ही उधळपट्टी आहे. आजची ताजी बाटली तपकिरी दिसत असेल आणि वास सफरचंदाच्या कापून ठेवलेल्या फोडीसारखा येत असेल, तर ती शैली नाही, ती बिघडलेली बाटली आहे.

लेबलवर ‘टोकायी’ लिहिलेलं सगळंच ऑसू नसतं. पाऊण लिटरच्या बाटलीतलं टोकायी फुर्मिन्त बहुधा चक्क कोरडं असतं. सामोरोद्नीमध्ये मणी वेगळे वेचत नाहीत, निरोगी आणि बुरशीचे मणी घडासकट एकत्रच दाबतात. तिचा गोड प्रकार ‘एदेश’ आणि कोरडा ‘साराझ’. हा एक शब्द न वाचता घेतलेली साराझ गोडाच्या ताटाबरोबर उघडली की विरस ठरलेला. गोड सामोरोद्नी मात्र कमी पैशात बुरशीची खरी चव देते, आणि ऑसू परवडत नसेल तर आम्ही तीच सुचवू. त्याखाली ‘लेट हार्वेस्ट’, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. ती हलकी, फळांच्या वासाची, ओक नसलेली किंवा थोडाच असलेली, लवकर पिऊन संपवायची.

इतर देशांची वर्गवारी वेगवेगळ्या गोष्टी मोजते, म्हणून एकीकडचा आकडा दुसरीकडे लावू नये. फ्रान्सच्या सोतर्नमध्ये बुरशी तीच, धुकं सिरों आणि गारोन नद्यांच्या संगमाचं, पण १८५५ ची प्रतवारी मळ्यांची आहे, साखरेची नाही. सर्वांत वर शातो दिकेम हा एकटा मळा. तिथे अल्कोहोल १३-१४ टक्के आणि आम्ल कमी, त्यामुळे घोट जास्त भरदार पण जास्त जड. जर्मनीत तोडणीच्या वेळी रसात साखर किती होती, त्यावर दर्जा ठरतो, आणि वाइनमध्ये ती उरली पाहिजे असं नाही. म्हणून श्पेटलेझे किंवा आउसलेझे या दर्जांची वाइन कोरडीही असू शकते. बेरेनआउसलेझे आणि ट्रोकेनबेरेनआउसलेझे मात्र गोडच. आइसवाइनमध्ये बुरशी नकोच असते. वेलीवर गोठलेले मणी तसेच गोठलेले दाबतात, पाण्याचा बर्फ प्रेसमध्ये राहतो आणि दाट रस बाहेर येतो. जर्मनीत त्यासाठी उणे ७ अंश तापमान लागतं, कॅनडात उणे ८. द्राक्षं तोडून शीतगृहात गोठवली, तर तिला हे नाव लावता येत नाही.

इटलीत द्राक्षं तोडून माळ्यावर वाळवतात. तासगावचा बेदाणा पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण फरक मोठा आहे. बेदाण्याची द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर पंधरवड्यात वाळवतात. व्हिन सांतो किंवा रेचोतो या तिथल्या गोड वाइनसाठी घड काहीही न लावता काही आठवडे ते काही महिने सावकाश सुकू देतात, आणि मण्यात दाबण्यापुरता रस राखतात.

नाशिकच्या सुला कंपनीची लेट हार्वेस्ट शनँ ब्लांही द्राक्षातच साखर साठवण्याच्या तिसऱ्या वाटेची. शनँ हे फ्रान्सच्या ल्वार खोऱ्याचं द्राक्ष, तिथे त्याच्यावर बुरशी धरून कोतो द्यू लेयोंसारख्या गोड वाइन होतात. नाशिकमध्ये तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या हवेत आणि वाढत्या उन्हात होते, त्यामुळे बुरशीचं ते रोजचं चक्र तिथे बसत नाही. घड वेलीवर जास्त काळ ठेवून साखर वाढवायची, हा मार्ग. तेव्हा केशर-जर्दाळूची अपेक्षा ठेवू नका. पिकलेल्या फळांचा आणि मधाचा सरळ, मोकळा वास आणि नरम आम्ल, एवढं ती देते. लहान बाटलीत मिळते, ऑसूच्या मानाने खूपच स्वस्त असते, आणि गोड वाइन आपल्याला रुचते का हे तपासायला तिच्यापासूनच सुरुवात करावी.

ऑसू मुंबई-पुण्यात क्वचित दिसते आणि आयात शुल्कामुळे महाग पडते. परदेशातून येताना एका प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. इथल्या दुकानात घ्यायची असेल, तर उन्हाच्या काचेत उभी ठेवलेली बाटली नाकारा. बूच किंचित वर आलेलं असेल किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असेल, तर ती उन्हाने तापलेली आहे. तळाशी खडीसाखरेसारखे बारीक स्फटिक दिसले, तर काळजी नको, ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत.

वाढताना १० ते १२ अंश तापमान ठेवा. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी ओतली की साधारण तिथे पोचते. एकदम गार असेल तर वास मिटतो आणि नुसतं आम्ल लागतं. लिकरचा चिमुकला ग्लास नको, पांढऱ्या वाइनचा घ्या आणि माणशी ६० मिलिलिटर ओता. अर्ध्या लिटरमध्ये आठ जणांचं भागतं.

सोबत काय, यावर एकच नियम पाळावा: पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा. या कसोटीवर पुरणपोळी, श्रीखंड, गुलाबजाम सगळे बाद. त्यांच्यापुढे ऑसू आंबट आणि पोकळ लागते, आणि चूक वाइनची नसते. खारट आणि तुपकट पदार्थांशी मात्र तिचं सूत जमतं. निळ्या बुरशीचं चीज, हंगेरीत हंसाचं (गूसचं) यकृत, आणि घरचंच हवं तर मिठातले भाजलेले काजू किंवा बदाम. तिखटाची आग साखरेने उतरते, म्हणून मिरपूड लावलेल्या तळलेल्या कोळंबीबरोबरही ती छान जाते. लसूण मात्र बेताचाच असावा.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली, तर दोन ते तीन आठवडे उत्तम राहते. आधी संत्र्याची साल कमी होते, मध टिकून राहतो. चौथ्या आठवड्यात वास सुस्तावला असं वाटलं, तर उरलेली वाइन मंद आचेवर निम्मी आटवून भाजलेल्या नासपतीवर घाला.